लिव्हरची बायोप्सी सांगितली आहे? घाबरण्याआधी हे विचारा, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका

"लिव्हरची बायोप्सी करावी लागेल." डॉक्टरांचं हे एक वाक्य घरात आलं की आपल्याकडे दोन गोष्टी लगेच होतात. एक म्हणजे सगळे मनातल्या मनात कॅन्सर ठरवून मोकळे होतात. दुसरी म्हणजे कुणीतरी हळूच बोलतं, "यांनी तर आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही, मग लिव्हर कसं खराब झालं?" म्हणजे भीती आणि शरम दोन्ही एकदमच घरात शिरतात. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं सुई लावू नका, आजार पसरतो. कुणी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतं. यात महिना-दोन महिने निघून जातात आणि आजार मात्र थांबून राहत नाही.

मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शिक्षकाला शाळेबाहेरही एक काम असतं. मोहल्ल्यातले लोक फाइल घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, जरा वाचून सांगा ना, काय लिहिलंय." रिपोर्ट इंग्रजीत, सहीचा फॉर्म मराठीत किंवा इंग्रजीत, आणि घरातलं बोलणं उर्दूत. या तिघांच्या मध्ये बऱ्याच गोष्टी हरवतात. म्हणून हा लेख. यात माहिती आहे, उपचार नाही. तुमच्या रुग्णाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

बायोप्सी म्हणजे नेमकं काय?

बायोप्सी म्हणजे शरीराच्या एखाद्या भागाचा छोटासा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. लिव्हर, म्हणजे यकृत, उजव्या बाजूच्या बरगड्यांच्या आत असतं. मोठ्या माणसाचं लिव्हर साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं. त्यातून बारीक सुईने जो तुकडा काढतात तो शेवईसारखा असतो, दीड-दोन सेंटिमीटर लांब. पूर्ण लिव्हरचा हा साधारण पन्नास हजारावा भाग. तेवढा तुकडा काढल्याने लिव्हर कमी होत नाही की कमजोर पडत नाही.

ही तपासणी काही नवीन प्रयोग नाही. सुईने लिव्हरचा नमुना घेण्याची सुरुवात १८८३ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी केली असं मानलं जातं. १९५८ मध्ये इटलीचे डॉक्टर मेंगिनी यांनी अशी पद्धत मांडली की सुई लिव्हरच्या आत जेमतेम एक सेकंद राहते. आज तर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई कुठे जाते हे डॉक्टरांना दिसतं.

आणि बायोप्सी म्हणजे कॅन्सर, हे समीकरण आधी डोक्यातून काढा. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले, ते सर्वांना आठवत असेल. तेव्हाही पाण्याचे आणि रुग्णांचे नमुने प्रयोगशाळेत न्यावे लागले, कारण बाहेरून नुसतं पाहून कारण सापडत नव्हतं. लिव्हरचंही तसंच. डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, एसजीपीटी वाढणं ही लक्षणं दहा वेगवेगळ्या आजारांत सारखीच दिसतात. उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा.

रक्ताची तपासणी झाली, मग सुई कशाला?

याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातल्याच एका उदाहरणाने देतो. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. रक्तात नेहमीच्या हेपेटायटिसचे विषाणू सापडले नाहीत. खोदून विचारल्यावर कळलं की सगळे गुळवेल घेत होते. काहींच्या लिव्हरची बायोप्सी केली तेव्हा दिसलं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर हल्ला करते आहे, म्हणजे ऑटोइम्यून हेपेटायटिससारखं चित्र आहे. डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वनस्पती घेतली गेली असावी असं म्हटलं. तो वाद बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी दोन धडे उरतात. एक, "झाडपाला आहे, नुकसान तर करणार नाही" हे प्रत्येक वेळी खरं नसतं. दोन, कारण नक्की करायला रक्ताच्या पुढे जाऊन कधी कधी लिव्हरच पाहावं लागतं.

साधारणपणे डॉक्टर बायोप्सी या कारणांसाठी सांगतात: लिव्हर का बिघडलं हे बाकीच्या तपासण्यांतून कळत नसेल, ऑटोइम्यून आजाराचा संशय असेल, औषधाने इजा झाली असावी असं वाटत असेल, लिव्हरवर किती व्रण तयार झालेत ते मोजायचं असेल, सोनोग्राफी किंवा सिटी स्कॅनमध्ये गाठ दिसली असेल, कधी लिव्हरमध्ये टीबी असल्याचा संशय असेल, किंवा लिव्हर बदललेल्या रुग्णाचं नवीन लिव्हर नीट चालतंय का ते बघायचं असेल.

सुईशिवाय काम होणार नाही का?

हा प्रश्न विचारण्यात काहीच बेअदबी नाही. उलट तो पहिलाच विचारावा. आज बऱ्याच रुग्णांना बायोप्सी लागत नाही.

फॅटी लिव्हरमध्ये रुग्णाचं वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून 'फिब-४' नावाचा हिशोब करतात. तो कमी आला तर बहुतेक वेळा लिव्हरवर जास्त व्रण नसतात. त्यापुढे फायब्रोस्कॅन नावाची तपासणी आहे. ती सोनोग्राफीसारखी बाहेरूनच होते, सुई नाही, दुखत नाही, आणि लिव्हर किती कडक झालं ते सांगते. हेपेटायटिस बी आणि सी मध्ये तर आता बहुतेक वेळा रक्ताच्या तपासण्या आणि फायब्रोस्कॅनवरच उपचार ठरतो. या दोन आजारांसाठी केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. हेपेटायटिस सी तर बहुतेक रुग्णांमध्ये साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

पण फायब्रोस्कॅन फक्त कडकपणा सांगतो, कारण सांगत नाही. कारणच शोधायचं असेल तर बायोप्सीला पर्याय उरत नाही. म्हणून प्रश्न असा विचारा: "डॉक्टर, या तपासणीतून असं काय कळेल जे आतापर्यंतच्या रिपोर्टमधून कळलं नाही? आणि ते कळल्यावर औषध बदलेल का?" या एका प्रश्नाच्या उत्तरात बायोप्सी करायची की नाही याचा अर्धा निर्णय असतो.

"दारू घेता का?" या प्रश्नावर रागावू नका

आपल्या समाजात हा प्रश्न लोकांना फार लागतो. दाढी पाहून, टोपी पाहूनही डॉक्टर हे कसं विचारतात, असं वाटतं. पण डॉक्टर हे प्रत्येकाला विचारतात, कारण उत्तरावर निदान अवलंबून असतं. आणि दारू न पिणाऱ्याचं लिव्हरही बिघडतं. डायबेटिस, वाढलेलं पोट, बसून काम, जास्त गोड आणि तळलेलं खाणं यातून फॅटी लिव्हर होतं आणि काहींमध्ये ते सिरोसिसपर्यंत जातं. म्हणूनच केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश डायबेटिस-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. हेपेटायटिस बी तर रक्तातून येऊ शकतो. अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय की १९८२ मध्ये 'कुली'च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना हेपेटायटिस बी झाला आणि कळलं तेव्हा लिव्हरचा बहुतांश भाग निकामी झाला होता. तेव्हा लिव्हरच्या आजारावरून कुणाचं चारित्र्य ठरवू नका, शेजाऱ्याचंही नाही.

आता नाजूक बाजू. घरच्यांना माहीत नसतं आणि माणूस कधीमधी घेत असतो, असंही होतं. अम्मी, बायको, मुलगा शेजारी बसलेले असताना तो "नाही" म्हणणारच. म्हणून घरच्यांनी एक करावं: पाच मिनिटं बाहेर बसावं आणि रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावं. हिसाब अल्लाहकडे आहे, डॉक्टरांना फक्त खरी माहिती हवी. खोटं उत्तर दिलं तर बायोप्सीचा रिपोर्टही चुकीच्या दिशेने वाचला जाऊ शकतो, कारण दारूने झालेलं आणि न पिता झालेलं फॅटी लिव्हर सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखं दिसतं.

औषधांची पिशवी सोबत न्या

लपवण्यात दुसरा नंबर औषधांचा. तारखेच्या आधी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. त्यात हे सगळं आलं:

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, असिट्रोम वगैरे. लिव्हर रक्ताने भरलेला अवयव आहे, म्हणून या गोळ्या चालू असताना सुई लावली तर रक्त थांबायला वेळ लागतो. त्या साधारणपणे काही दिवस आधी बंद करायला सांगतात. पण, आणि हे ठळक लक्षात ठेवा, त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे किंवा झडप बदललेली आहे त्यांनी गोळी अचानक सोडली तर हार्ट अटॅक किंवा लकवा होऊ शकतो. लिव्हरच्या डॉक्टरांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून तारीख ठरवायची असते. बंद कधी करायची आणि पुन्हा सुरू कधी करायची, दोन्ही तारखा कागदावर लिहून घ्या.

अंगदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनीही रक्त गोठण्यावर परिणाम होतो. मेडिकलवरून सुट्या आणलेल्या असतील तरी सांगा.

देशी औषधं. हकीमसाहेबांचं माजून, काढा, गुळवेल, कावीळीसाठी दिलेली पुडी, ताकदीची पावडर, कलौंजीचं तेल, जिममधला डबा. नाव माहीत नसेल तर पुडीच घेऊन जा. डॉक्टर रागावतील म्हणून घरी ठेवून जाऊ नका. रागावले तर रागावू द्या.

डायबेटिसची औषधं आणि इन्सुलिन. उपाशी राहायचं असल्यामुळे त्या दिवशीचा डोस वेगळा असू शकतो. नेहमीचा डोस घेऊन उपाशी राहिलात तर शुगर खाली जाऊन चक्कर येते.

याशिवाय कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, आधी कधी दात काढताना किंवा बाळंतपणात जास्त रक्त गेलं होतं का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, आणि स्त्री रुग्ण असेल तर गर्भ राहण्याची शक्यता आहे का, हेही सांगा.

आधीची तयारी आणि रोजा

तारखेआधी रक्त तपासतात. त्यात प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर हे दोन आकडे महत्त्वाचे. प्लेटलेट फार कमी असतील किंवा आयएनआर वाढलेला असेल तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. पोटात पाणी साचलंय का हे सोनोग्राफीत बघतात. यातलं काही असेल तर पोटातून सुई घालण्याऐवजी मानेच्या शिरेतून नळी नेऊन लिव्हरचा नमुना घेण्याची पद्धत आहे. त्यात रक्त गळलंच तर ते शिरेतच राहतं. मात्र ती सोय मोठ्या केंद्रांतच असते.

बहुतेक ठिकाणी चार ते सहा तास उपाशी यायला सांगतात. काही डॉक्टर हलका नाश्ता चालेल म्हणतात. आपल्या दवाखान्याचा नियम विचारून घ्या. बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची का, तेही विचारा.

रमजानमध्ये लोक म्हणतात, "तसंही रोजा आहे, उपाशीच असतो, उरकून टाकू." हे चुकीचं आहे. बायोप्सीनंतर पाणी प्यावं लागतं, दुखलं तर गोळी घ्यावी लागते, कधी सलाईन लागतं. आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत दीनमध्येच आहे. तपासणी थांबण्यासारखी असेल तर डॉक्टरांना विचारून ईदनंतरची तारीख घ्या. थांबण्यासारखी नसेल तर त्या दिवसाच्या रोज्याबद्दल आपल्या मौलानांना विचारा. मसला मौलानांचा, तारीख डॉक्टरांची. दोघांची जागा बदलू नका.

त्या दिवशी काय होतं?

रुग्णाला उताणं झोपवतात आणि उजवा हात डोक्याकडे ठेवायला सांगतात. उजव्या बरगड्यांजवळची थोडी जागा उघडी करतात, तेवढीच. अम्मी किंवा बहीण रुग्ण असेल आणि संकोच असेल तर आधीच नम्रपणे सांगा की सिस्टर खोलीत हव्यात आणि बाकी अंग चादरीने झाकलेलं असू द्या. ऐनवेळी वाद घालण्यापेक्षा हे बरं.

मग सोनोग्राफीने जागा बघतात, औषधाने पुसतात आणि भूल देणारं इंजेक्शन देतात. हे इंजेक्शन थोडं चुरचुरतं. खरं दुखणं असेल तर तेवढंच. पूर्ण बेशुद्ध करत नाहीत, कारण रुग्णाची मदत लागते. डॉक्टर सांगतात, "श्वास सोडा आणि रोखून धरा." त्या क्षणी हलायचं नाही. सुई आत जाते आणि बाहेर येते, काही यंत्रांचा 'टक्' असा आवाज येतो. आवाजाने दचकू नये म्हणून रुग्णाला हे आधी सांगून ठेवा. घरीच दोन-चार वेळा श्वास सोडून पाच-दहा सेकंद रोखण्याची प्रॅक्टिस करून घ्या. वयस्कर माणसांना याचा खूप फायदा होतो. अब्बूंना मराठी-हिंदी पटकन समजत नसेल तर "साँस छोडो, रोको" हेच शब्द वापरायला सांगा.

एका नमुन्यात पुरेसा तुकडा आला नाही तर दुसऱ्यांदा सुई लावतात. त्याचा अर्थ काही बिघडलं असा नाही. वर पट्टी लावतात, बहुतेक वेळा टाके लागत नाहीत. मग काही तास पडून राहायचं, सुरुवातीला बहुतेक ठिकाणी उजव्या कुशीवर. सिस्टर पुन्हा पुन्हा नाडी आणि बीपी बघतात. उजव्या खांद्यात दुखलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. लिव्हरच्या वरच्या पडद्याची आणि खांद्याची नस जोडलेली असल्याने लिव्हरचं दुखणं खांद्यात जाणवतं. त्या काळात नमाजची वेळ झाली तर उठून उभं राहण्याचा हट्ट नको. झोपून इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आजारी माणसाला आहे.

धोका किती?

खोटा दिलासा देत नाही. थोडंफार दुखणं बऱ्याच जणांना होतं आणि साध्या गोळीने थांबतं. रक्त चढवावं लागेल असा रक्तस्राव शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांना होतो. जिवाचा धोका साधारण दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी सांगितला जातो, पण ज्यांचा आजार आधीच फार वाढलेला आहे त्यांच्यात तो जास्त असतो. क्वचित जवळच्या अवयवाला, पित्ताशयाला किंवा फुफ्फुसाच्या आवरणाला सुई लागते.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे कितपत खरं? फॅटी लिव्हर, हेपेटायटिस, ऑटोइम्यून आजार यांत कॅन्सरच नसतो, तर पसरणार काय? लिव्हरच्या कॅन्सरची गाठ असेल तर मात्र सुईच्या मार्गावर पेशी रुजण्याची थोडी शक्यता असते, शंभरात दोन-तीन जणांत. डॉक्टरांना हे माहीत असतं. म्हणूनच सिरोसिसच्या रुग्णात सिटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये कॅन्सरचं ठरावीक चित्र स्पष्ट दिसलं तर बायोप्सीशिवायच निदान करतात. गाठीसाठी बायोप्सी सांगितली असेल तर हाच प्रश्न थेट विचारा: "स्कॅनवरून निदान पक्कं होत नाही का?"

परतीचा प्रवास: इथे घाई नको

आपल्या जिल्ह्यासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. संग्रामपूर, लोणार, सिंदखेडराजा, मोताळा, कुठूनही माणूस निघतो आणि अशा तपासणीसाठी बहुतेक वेळा अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठतो. संध्याकाळच्या एसटीने परत यायचं, असा हिशोब असतो. गंभीर त्रास झालाच तर तो बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत आणि जवळजवळ नेहमी चोवीस तासांच्या आत होतो. ती रात्र दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरात काढा. त्या शहरात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर रुग्णालयातच एक रात्र ठेवता येईल का ते विचारा. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही. मोटारसायकलवर मागे बसवून खड्ड्यातून आणायचं तर अजिबात नाही.

घरी आल्यावर साधारण आठवडाभर जड उचलायचं नाही. पाण्याची घागर, सिमेंटची गोणी, कापसाचं गाठोडं, नातवंडं, काहीच नाही. शेतमजुरी किंवा हमाली करणाऱ्याने किती दिवस सुट्टी लागेल हे आधीच विचारून मजुरीची सोय लावावी.

यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा: पोटात, छातीत किंवा खांद्यात वाढत जाणारं जोराचं दुखणं, चक्कर, थंड घाम, छातीत धडधड, दम लागणं, थंडी वाजून ताप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पट्टीतून न थांबणारं रक्त. डिस्चार्जचा कागद सोबत ठेवा म्हणजे तिथल्या डॉक्टरांना लगेच कळेल.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे प्रश्न वहीच्या पानावर लिहून न्या. आत गेल्यावर निम्मे विसरतात. घरातल्या एकानेच बोलावं, सगळ्यांनी एकदम नाही.

१. बायोप्सी कशासाठी? तुम्हाला कोणता संशय आहे?
२. फायब्रोस्कॅन, रक्त किंवा स्कॅनने काम भागणार नाही का?
३. रिपोर्टनंतर उपचारात काय बदलेल? बायोप्सी केलीच नाही तर काय होईल?
४. कोणत्या पद्धतीने करणार, बरगडीतून की मानेच्या शिरेतून? सोनोग्राफी लावून करणार का?
५. कोण करणार, आणि त्यांनी अशा किती केल्या आहेत?
६. आमच्या रुग्णाचे प्लेटलेट आणि आयएनआर किती आहेत? ते चालतील का?
७. कोणती औषधं बंद, कधीपासून, आणि पुन्हा सुरू कधी?
८. किती तास उपाशी? शुगर-बीपीच्या गोळ्यांचं काय?
९. रक्तस्राव झाला तर इथे रक्त आणि सर्जन मिळतील का?
१०. किती वेळ थांबावं लागेल? रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?
११. रिपोर्ट किती दिवसांत, आणि तो समजावून कोण सांगेल?
१२. एकूण खर्च किती? त्यात लॅबचा खर्च धरलाय का?

पाचव्या प्रश्नाला लोक कचरतात. अदबीने विचारलं तर चांगले डॉक्टर वाईट वाटून घेत नाहीत.

सही कुणाची, आणि रुग्णाला सांगायचं की नाही?

रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमतीची सही त्याचीच. अम्मींच्या बायोप्सीची सही मुलाने करून टाकायची आणि अम्मींना "छोटी तपासणी आहे" एवढंच सांगायचं, हा आपल्याकडचा रिवाज प्रेमापोटी असतो, पण बरोबर नाही. ज्यांना काहीच माहीत नसतं ते सुईच्या वेळी घाबरून हलतात. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. फॉर्म कळत नसेल तर तो वाचून समजावून सांगा म्हणा आणि नंतरच सही करा.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात स्पष्ट केलंय की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनसाठी दिलेली संमती नव्हे. म्हणजे बायोप्सीच्या सहीवर पुढचा उपचार आपोआप मंजूर होत नाही. रुग्णालयाच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असाही डॉक्टरांसाठी नियम आहे.

खर्चाचं काय?

सुरुवातीचं रक्त, सोनोग्राफी आणि हेपेटायटिसची तपासणी यासाठी आधी सरकारी रुग्णालयात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बुलढाण्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटनही ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. बायोप्सी कुठे होईल ते तिथल्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठी घेऊनच पुढे निघा, म्हणजे फेरी वाया जात नाही. संभाजीनगरचं घाटी आणि नागपूरचं मेडिकल ही जुनी मोठी सरकारी ठिकाणं आहेत.

खासगीत जायचं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. रेशन कार्ड, आधार दाखवून तुमची तपासणी योजनेत बसते का हे आधी विचारा. हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना कायद्याने १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. हे मागणं खैरात नाही, हक्क आहे.

रिपोर्ट आला: 'स्टेज' शब्दाने रडू नका

नमुना औषधात ठेवून, पातळ काप करून, रंग देऊन पाहतात, त्यामुळे रिपोर्टला काही दिवस लागतात. रिपोर्ट हातात आला की मोबाईलवर शोधाशोध सुरू होते आणि इथेच मोठा गोंधळ होतो. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये 'स्टेज' म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे. ती फायब्रोसिसची, म्हणजे व्रणाची पायरी आहे: एफ-० म्हणजे व्रण नाही, एफ-१, २, ३ म्हणजे वाढत गेलेले, एफ-४ म्हणजे सिरोसिस. 'ग्रेड' म्हणजे सूज किती आहे ते. 'स्टिएटोसिस' म्हणजे चरबी. 'नो मॅलिग्नन्सी' असं लिहिलं असेल तर तपासलेल्या तुकड्यात कॅन्सर दिसला नाही. आणि पहिल्या तीन पायऱ्यांवर कारण सापडून उपचार झाला तर बऱ्याच रुग्णांत व्रण कमीही होतात. त्याच्यासाठीच तर ही सगळी धडपड.

शंका राहिली तर दुसरं मत घ्या. त्यासाठी पुन्हा सुई लावायची गरज नसते. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, ते दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञांना दाखवता येतात. हे घरी जपून ठेवा, लग्नाच्या अल्बमइतकं.

आपण दुआ करतो, आणि करायलाच हवी. सोबत फाइल नीट लावा, औषधांची पिशवी भरा, प्रश्न लिहा आणि डॉक्टरांसमोर खरं बोला. तुकडा शेवईएवढा असतो, पण त्यावरचा उपचार बरोबर ठरायला मागची सगळी हकीकत खरी असावी लागते. अल्लाह आपल्या सर्व आजारी भावा-बहिणींना शिफा देवो. आमीन.